कुंडीत आपसूक उगवलेलं रोप कशाचं? उपटायच्या आधी हे बघा

पहिले दोन-तीन पाऊस झाले की आठ-दहा दिवसांत कुंड्यांमध्ये, वाफ्यात, कंपाउंडच्या भिंतीला लागून, अगदी एसीचा पाइप जिथे ठिबकतो तिथेसुद्धा बारीक बारीक रोपं वर येतात, जी आपण लावलेलीच नसतात. मग बहुतेक लोक एकतर सरसकट उपटतात नाहीतर सरसकट ठेवतात. उपटलं तर फुकटात आलेली पपई, टोमॅटो, कढीपत्ता हातचा जातो, आणि ठेवलं तर तीन महिन्यांनी कळतं की ज्याला रोज पाणी घातलं ते गाजर गवत होतं, किंवा तोवर भिंतीत पिंपळ पक्का बसलेला असतो.

रोप ओळखायचं म्हटलं की सगळे आधी पान बघतात, फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकून विचारतात "हे काय आहे?" आणि मग दहा जणांची दहा उत्तरं. माझं म्हणणं असं की पान शेवटी बघा. आधी जागा बघा, मग मातीत खाली बी बघा, मग पहिली दोन पानं, आणि त्यानंतर खरी पानं. या क्रमाने गेलात तर अर्ध्याहून जास्त रोपं पान नीट उघडायच्या आधीच कळतात.

बी आलं कुठून

रोप जिथे उगवलंय तिथे बी कोणी आणलं असेल याचा विचार करायचा. ग्रिलखाली, वायरीखाली, डिश अँटेनाखाली, म्हणजे जिथे पक्षी बसतात त्याच्या बरोबर खाली उगवलं असेल तर ते पक्ष्यांच्या विष्ठेतून आलंय, आणि मग यादी छोटीच असते: पिंपळ, वड, उंबर, कडुनिंब, कढीपत्ता, तुती, घाणेरी, रानतोंडली, क्वचित चंदनसुद्धा. बुलबुल आणि कोकीळ ही फळं आवडीने खातात. मोठ्या झाडाखाली सकाळी चघळलेला चोथा आणि बिया पडलेल्या दिसत असतील तर रात्री वटवाघळं येतायत, तिथे देशी बदाम, जांभूळ निघतं. कुंडीच्या मधोमध माती उकरल्यासारखी दिसली आणि तिथूनच जाडजूड कोंब वर आला तर खारीने शेंगदाणा पुरलेला असतो. शेजारीपाजारी कोणी खारींना, पक्ष्यांना दाणे टाकत असेल तर हे हमखास होतं. आणि पक्ष्यांना टाकलेल्या बाजरी-ज्वारीचंही तसंच, ती गवतासारखी येते आणि लोक गवत समजून काढतात, काढलीत तरी काही बिघडत नाही म्हणा.

कंपोस्ट घातलेल्या कुंडीत एकदम झुंबड उगवली तर ते स्वयंपाकघरातलं आहे. टोमॅटो, मिरची, भोपळा, काकडी, कलिंगड, पपई, लिंबू. कंपोस्टमध्ये बी मरायचं तर ढिगाचं तापमान पंचावन्न-साठ अंशाला जाऊन काही दिवस तिथे टिकावं लागतं, आणि बाल्कनीतल्या छोट्या डब्यात एवढी उष्णता सहसा धरत नाही, म्हणून बिया आत शांत पडून राहतात आणि कुंडीत पाणी मिळालं की उठतात. शेणखत किंवा लेंडीखत घातलं असेल तर त्यातून बाभूळ, सुबाभूळ, माठ आणि तऱ्हेतऱ्हेचं गवत येतं, कारण जनावराच्या पोटातून कडक कवचाची बी सहीसलामत बाहेर पडते. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मातीतून आंबुशी येते, तीन बदामी पानांची, ती एकदा आली की जात नाही.

इथे एक युक्ती सांगतो जी प्रत्येकाने करावी. जी माती, जे कोकोपीट, जे कंपोस्ट मिसळून तुम्ही कुंड्या भरल्या तेच मिश्रण एका जुन्या डब्यात भरा, त्यात काहीही पेरू नका, इतर कुंड्यांइतकंच पाणी घाला आणि बाजूला ठेवा, वर एक पातळ जाळी टाकली तर उत्तम म्हणजे पक्षी आणि खारी येणार नाहीत. त्या डब्यात जे उगवेल ते तुमच्या मातीतूनच आलेलं. आणि बाकी कुंड्यांमध्ये जे दिसतंय पण या डब्यात नाही ते वरून आलंय किंवा तुम्ही पेरलेलंच आहे. पेरलेल्या कोथिंबिरीत कोणतं रोप आपलं आणि कोणतं परकं हा घोळ यानेच सुटतो, कारण ओळीत पेरलेलं ओळीवरून तरी कळतं, पण आपण शिंपडून पेरतो तेव्हा ओळही नसते.

आता मातीत खाली

चार-पाच सारखीच रोपं आली असतील तर त्यातलं एक खुशाल बळी द्या. माती ओली असताना टूथपिकने बाजूने सैल करायची आणि रोप मुळासकट अलगद वर घ्यायचं. बियाचं कवच बऱ्याचदा अजून चिकटलेलं असतं आणि ते पानापेक्षा जास्त खरं बोलतं.

भोपळा, काकडी, दुधी, दोडका, कारलं या सगळ्या वेलांच्या कुळात तर पहिल्या दोन पानांच्या टोकावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं दिसतं, कधीकधी दिवसभर. टोपी काळी असेल तर दोडका, घोसाळं किंवा कलिंगड. पांढरट चपटी आणि मोठी असेल तर लाल भोपळा, लहान आणि निमुळती असेल तर काकडी किंवा खरबूज. दुधीची बी तपकिरी-मातकट असते आणि एका टोकाला खांदे असल्यासारखी रुंद. कारल्याची बी तर विसरूच शकत नाही, तिच्यावर कोरीवकाम केल्यासारखी नक्षी असते आणि कडा खडबडीत. ही टोपी ओढून काढू नका हं, पान फाटतं, पाणी शिंपडा, आपोआप पडते.

आंब्याच्या बाबतीत कोय जमिनीतच राहते आणि तांबूस, लुळी, खाली लोंबणारी पानं वर येतात, ते बघून लोकांना वाटतं रोप मरतंय. मरत नाहीये, आंब्याची कोवळी पालवी तशीच असते, काही दिवसांनी हिरवी होऊन ताठ होते. एका कोयीतून तीन-चार कोंब आले असतील तर तो बहुकोंबी जातीचा, बऱ्याचदा रायवळ, आणि त्यातले बहुतेक कोंब आईसारखेच निघतात. हापूसच्या कोयीतून एकच कोंब येतो आणि त्याला येणारं फळ हापूस असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. म्हणून खाल्लेल्या हापूसची कोय उगवली म्हणून सात-आठ वर्षं वाट बघत बसायचं की नाही ते आधीच ठरवा. कोकणात याच तांबूस पालवीच्या वयाच्या रोपावर पावसाळ्याच्या तोंडाला कोय कलम बांधतात, तुमच्या ओळखीत कोणी कलम बांधणारं असेल तर रोप आठ-पंधरा दिवसांचं असतानाच त्यांना दाखवा, नंतर खोड जून झालं की तो मोका गेला.

जांभळातही एका बीतून दोन-तीन कोंब येतात, लिंबातही. जांभळाची पानं समोरासमोर आणि चकचकीत, लिंबाचं पान चुरगाळलं की वास येतोच. फणसाची आठळी खालीच राहते आणि देठ तोडला की पांढरा चीक येतो, लहानपणी पानाला कधी कधी खाचाही असतात त्यामुळे हे फणस कसं असेल असं वाटतं, पण फणसच असतो.

कडधान्याचं एक साधं आहे. मूग, उडीद, चवळी, वाल यांच्या दोन डाळिंब्या मातीच्या वर येतात आणि मग वाळून गळतात. हरभरा, वाटाणा आणि तूर यांच्या डाळी खालीच राहतात, वर नुसता कोंब दिसतो. चिंचोका वर येतो, जाड, मांसल, दोन फाकांचा.

पहिली दोन पानं फसवी असतात, पण उपयोगाची

बी फुटल्यावर जी पहिली जोडी येते ती झाडाची खरी पानं नव्हेत. ती बीजपत्रं, बीमध्ये आधीच घडी घालून ठेवलेली. त्यांचा आकार मोठ्या झाडाच्या पानाशी जुळत नाही, आणि म्हणूनच फोटो टाकून विचारलं की कोणालाच धड सांगता येत नाही. पण त्यांच्या स्वतःच्या ठराविक तऱ्हा आहेत आणि त्या एकदा डोळ्यात बसल्या की काम सोपं.

एकच पातं सरळ वर आलं तर गवताच्या जातीचं: बाजरी, ज्वारी, नाचणी, भात किंवा खरंच गवत. कांद्याचं पातं वाकलेल्या गुडघ्यासारखं वर येतं आणि टोकाला काळी बी असते. मोहरी आणि मुळा यांची बीजपत्रं बदामाच्या आकाराची, मधोमध खाच असलेली. तुळशीची आणि सब्जाची अर्ध्या चंद्रासारखी, देठाकडे सपाट, आणि खोड पहिल्यापासून चौकोनी लागतं हाताला. कोथिंबिरीची लांब, अरुंद दोन पट्ट्या, खरं कातरलेलं पान तिसरं. माठाची बारीक लांबुडकी आणि खालून बऱ्याचदा गुलाबी. मेथीची जाड अंडाकृती, आणि त्यानंतरचं पहिलं पान एकटंच येतं, तीन पानांचा पंजा नंतर, म्हणून मेथी पेरलेली असूनही लोकांना वाटतं की दुसरंच काही उगवलंय.

या टप्प्यावर एक आइस्क्रीमची काडी शेजारी खोचा, तारीख लिहा आणि वरून एक, बाजूने एक असे फोटो काढून ठेवा. बाजूचा फोटो जास्त महत्त्वाचा, कारण खोडावर लव आहे की नाही, खोड गोल की चौकोनी, पानं समोरासमोर की एकाआड एक, हे सगळं बाजूनेच दिसतं. मग चार ते सहा खरी पानं येईपर्यंत थांबा. उपटायची घाई फक्त भिंतीतल्या रोपांची आणि गाजर गवताची, त्याचं पुढे सांगतो.

टोमॅटो, मिरची, वांगं आणि त्यांचे भाऊबंद

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि सगळ्यात जास्त काळजीही इथेच घ्यायची, कारण याच कुळात खायची आणि विषारी रोपं शेजारी शेजारी आहेत.

टोमॅटो सोपा. खोडावर पहिल्यापासून बारीक पांढरी लव, पहिलंच खरं पान कातरलेलं, आणि दोन बोटांत पान हलकेच चोळलं की तो टिपिकल वास बोटांना राहतो आणि बोटं थोडी पिवळट-हिरवट होतात. हे तिन्ही जुळलं तर टोमॅटो, आणि मग शंका ठेवू नका.

मिरचीचं खोड गुळगुळीत, पान चकचकीत, कडेला एकही खाच नाही, चोळलं तरी वास नाही. आता हिचं सोंग घेणारी म्हणजे कामोणी, जिला कोणी मकोय म्हणतं. ही पक्ष्यांकडून येते त्यामुळे कुठेही उगवते. लहान असताना हुबेहूब मिरची. फरक असा की कामोणीचं पान जरा मळकट हिरवं, तुकतुकीत नाही, कड थोडी लाटेसारखी, आणि ती मिरचीपेक्षा खूप भराभर वाढते, मिरची बिचारी आधी पंधरा दिवस तिथेच बसून असते. फूल आलं की मात्र वाद संपतो. मिरचीचं फूल फांदी फुटते तिथून सहसा एकेकटं, खाली मान घालून. कामोणीची बारीक पांढरी फुलं एका देठावर चार-पाचच्या गुच्छात, आणि तो देठ पानाच्या बगलेतून न येता दोन पानांच्या मधल्या खोडातूनच निघतो. हे एकदा जवळून बघा, मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, परत कधीच चुकणार नाही. कामोणीची कच्ची हिरवी फळं विषारी असतात, लहान मुलं असलेल्या घरात ओळख पटेपर्यंत कुंडी वर ठेवा.

चिरबोटीही याच घरातली, तिचं फळ कागदी कंदिलासारख्या पिशवीत असतं. फूल फिकट पिवळं आणि एकटं.

वांग्याच्या जागी धोतरा येतो. धोतऱ्याचं रोप वांग्यापेक्षा दांडगं, बीजपत्रं लांब आणि टोकदार, खोड बऱ्याचदा जांभळट, आणि पान चोळलं की घाण उग्र वास. वांग्याच्या पानाला तसा वास नसतो. धोतऱ्याचं सगळं झाड विषारी, बी तर फारच, त्यामुळे वास आल्यावर साबणाने हात धुवायचे आणि डोळ्याला हात लावायचा नाही. कोणतंही अनोळखी रोप चाखून बघायचं नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतो. "थोडंसं जिभेला लावून बघू कडू आहे का" ही सवय आपल्याकडे मोठ्या माणसांना असते, त्यांना आदराने पण ठामपणे थांबवा. वास, चीक, लव, पानांची मांडणी एवढ्यावर ओळख होते, जिभेची गरज पडत नाही.

पपई की एरंड

दोन्हीची पानं पंजासारखी, दोन्ही झपाट्याने वाढतात, आणि दोन्ही न लावता येतात. पपई बहुतेक वेळा घोळक्याने येते, एका जागी वीस-पंचवीस, कारण कोणीतरी पपईच्या बिया एकत्रच टाकलेल्या असतात. एरंड एकेकटा येतो. पपईची बीजपत्रं नखाएवढी, एरंडाची मोठी, रुंद, शिरा उठून दिसणारी, आणि त्याच्या मुळाशी ठिपक्याठिपक्यांच्या बीचं टरफल सापडतं. एरंडाच्या पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, पपईच्या पंज्याला बोटं असतात पण कडेला ते बारीक दाते नाहीत. आणि नक्की करायचं असेल तर देठाला नखाने ओरखडा काढा, पपईतून पांढरा चीक येतो, एरंडातून पाणचट रस. एरंडाच्या बिया अत्यंत विषारी, घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर ठेवू नकाच.

पपई निघाली तर लगेच आनंदाने सगळी ठेवू नका आणि सगळी काढूही नका. नर की मादी हे फूल आल्याशिवाय कळत नाही, कोणी मुळावरून किंवा पानावरून सांगतो म्हणालं तर सोडून द्या. देशी जातीत साधारण निम्मी नर निघतात, त्यांना लांब लोंबणारे फुलांचे तुरे येतात, फळ नाही. बाजारात मिळणारी लांबट लाल गराची पपई बहुतेक तैवान ७८६ सारख्या जातीची असते, तिच्या बीतून मादी किंवा उभयलिंगी झाडं येतात आणि दोन्हीला फळ धरतं. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी एका जागी तीन रोपं ठेवावीत आणि फुलं आल्यावर जास्तीचे नर काढावेत.

बारीक बारीक पानांची रोपं

टाकळा, भुईमूग, चिंच, सुबाभूळ, गुलमोहर, गुंज ही सगळी लहानपणी एकाच माळेची वाटतात. पानं मोजा. एका देठावर बरोबर चार, म्हणजे दोन जोड्या असतील तर भुईमूग. वाढलेल्या पानात तीन जोड्या आणि टोकाकडे रुंद होत गेलेली पानं असतील तर टाकळा, आणि त्याच्या खालच्या जोडीच्या मधे एक बारीकशी उभी काडी दिसते. टाकळा कोवळा असताना भाजी करायची, फुलं आली की निबर होतो. भुईमूग आणि टाकळा दोन्ही संध्याकाळी पानं मिटतात त्यामुळे त्यावरून ओळखायला जाऊ नका.

एकाच देठावर दहा किंवा त्याहून जास्त जोड्या, म्हणजे साध्या पिसासारखं पान, तर चिंच. देठाला पुन्हा देठ आणि त्याला पानं, म्हणजे पिसाला पिसं, तर सुबाभूळ किंवा गुलमोहर. यात एक मेख आहे. या दोघांचंही पहिलं खरं पान साध्या पिसासारखंच येतं, म्हणजे चिंचेसारखं, दुपदरी पान नंतर येतं. म्हणून पहिल्या पानावर चिंच म्हणून नाचू नका, चौथ्या पानापर्यंत थांबा. सुबाभूळ असेल तर वेळेत काढा, त्याचं मूळ लगेच खोल जातं आणि एका झाडाच्या बियांतून पुढच्या वर्षी शेकडो येतात. आणि चिंचेसारखं दिसणारं रोप आधारावर वळसे घालत वर चढायला लागलं तर ती गुंज, तिच्या लाल-काळ्या बिया सुंदर दिसतात पण विषारी आहेत.

कडुनिंबाच्या पानाला कडेने दाते, कढीपत्त्याला नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि कढीपत्त्याचा वास लहान रोपालाही भरपूर. कढीपत्ता मूळ झाडाच्या आसपास आला असेल तर थोडं उकरून बघा, आडव्या मुळातून फुटलेला असेल तर तो फुटवा आहे. तो वेगळा करायचा तर पावसाळ्यातच, मुळाच्या तुकड्यासकट.

पावसाळी भाज्या आणि चीक

माठ, तांदुळजा, घोळ, चिवळ, कुर्डू, पाथरी, केना हे सगळं आपोआप येतं आणि गावाकडे लोक आवडीने खातात, शहरात आपण तेच उपटून फेकतो आणि मंडईतून जुडी विकत आणतो याचं मला फार वाईट वाटतं. पण खायचं म्हणून ठेवताना दोन गोष्टी तपासा. माठात काटेमाठ मिसळलेला असतो, पानाच्या बगलेत दोन टोकदार काटे. आणि घोळ समजून दुधाणी तोडली जाते, ही जास्त गंभीर चूक. दोन्ही जमिनीला चिकटून पसरतात, दोन्हींची खोडं लालसर. घोळीचं पान जाड, पाण्याने भरलेलं, दाबलं तर मऊ तुटतं, आणि तोडल्यावर फक्त पाणी येतं. दुधाणीचं पान पातळ आणि तोडलं की पांढरं दूध. प्रत्येक काडी तोडून बघा, एक तोडली आणि बाकी तशीच असतील असं धरून चालू नका, कारण दोन्ही एकमेकांत गुंतून वाढतात. आणि रस्त्याकडेचं, फवारणी केलेल्या सोसायटीच्या लॉनमधलं खाऊ नका, ओळख बरोबर असली तरी.

गाजर गवत लगेच काढा

यासाठी सहा पानांची वाट बघायची नाही. जमिनीवर चपटं गोल पसरलेलं, गाजराच्या किंवा शेवंतीच्या पानासारखं कातरलेलं, राखाडी-हिरवं, हाताला थोडं लवदार. लोक याला झेंडू किंवा शेवंती समजून जपतात. झेंडूची पानं समोरासमोर येतात, खोड लगेच उभं वर जातं आणि पान चोळलं की झेंडूचाच वास. गाजर गवत आधी बरेच दिवस जमिनीलगत चक्रासारखं बसतं आणि मग मधून दांडा काढतं. भारतात त्याची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि आज ते कुठे नाही ते सांगा. त्याने त्वचेला खाज, पुरळ येतं, दम्याचा त्रास असलेल्यांना परागकणांनी त्रास होतो. हातमोजे घालून, फुलं यायच्या आत, मुळासकट काढा, कारण एकेका झाडाला हजारोंनी बिया येतात. मोठ्या झाडांवर पिवळट-पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले छोटे भुंगेरे पानं खाताना दिसले तर त्यांना मारू नका, ते मेक्सिकोतून आणलेले, १९८४ मध्ये बंगळुरूला याच गवतासाठी सोडलेले आहेत.

वेल ओळखला तरी फळाची खात्री नको

टोपीवरून कुळ कळलं की पुढचं पानावर. कलिंगडाचं पान खोल कापलेलं, बोटं गोलसर. कारल्याचं त्याहून नाजूक आणि कापलेलं, चोळलं की कडवट वास. भोपळ्याचं मोठं, खरखरीत, शिरांजवळ बऱ्याचदा पांढरे डाग. दुधीचं मखमली, आणि देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी दिसतात, त्या शोधा म्हणजे झालं. दोडका आणि घोसाळं यांचा निकाल फुलावर: दोडक्याची फिकट पिवळी फुलं संध्याकाळी उघडतात, घोसाळ्याची गडद पिवळी सकाळी. दुधीचं पांढरं फूलही संध्याकाळचंच.

दुधी किंवा काकडी आपसूक आलेली असेल तर फळाचा छोटा तुकडा आधी चाखा, इथे मात्र चाखायचंच, कारण झाड कोणतं ते आपल्याला माहीत आहे. कडू लागलं तर थुंका आणि पूर्ण फळ टाका, शिजवूनही खाऊ नका. कडू दुधीचा रस पिऊन लोक गंभीर आजारी पडलेत, आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) तो पिऊ नका असं सांगितलंय.

ॲपचं काय

गूगल लेन्स, प्लँटनेट वगैरे वापराच, पण कोवळ्या रोपावर ते फार चुकतात, कारण त्यांच्याकडचे फोटो बहुतेक मोठ्या झाडांचे, फुलांचे. दोन ॲप एकच उत्तर देत असतील तर त्या नावाचं बी घरात असेल तर शेजारच्या कुंडीत पेरा आणि दोन रोपं शेजारी ठेवून बघा. हा सगळ्यात खात्रीचा उपाय. टोमॅटो वाटतोय? कापलेल्या टोमॅटोच्या चार बिया पेरा. दोन-तीन आठवड्यांत सोक्षमोक्ष.

ठेवायचं ठरलं तर

भिंतीतल्या, गच्चीच्या फटीतल्या, पाइपच्या सांध्यातल्या वड-पिंपळ-उंबराला अजिबात वेळ देऊ नका. पान उघडून शेपटीसारखं टोक दिसलं की पिंपळ, पण टोक दिसायची वाट बघण्यात अर्थ नाही, बोटभर असतानाच पाऊस पडून गेल्यावर मूळ ओलं असताना अख्खं ओढून काढा. नुसतं वरून कापलं तर दुप्पट जोमाने फुटतो. पिंपळ कापायला मन होत नाही अशांनी तो छोट्या कुंडीत लावावा, चिमूटभर मातीतही धरतो, आणि वर्षभराने मोकळ्या जागेत, इमारतीपासून लांब नेऊन द्यावा.

टोमॅटो, मिरची, वांगं चार खऱ्या पानांवर हलवा. पपई आणि वेलांची मुळं हलवलेली त्यांना आवडत नाहीत, त्यांना चमच्याने आजूबाजूच्या मातीच्या गोळ्यासकट उचला, दोन पानांवर असतानाच. संध्याकाळी हलवा, लगेच पाणी घाला, तीन-चार दिवस थेट ऊन लागू देऊ नका, आणि ती तारखेची काडी रोपाबरोबर नव्या कुंडीत न्यायला विसरू नका.